मुंबई–लंडन: ७,२०० किलोमीटर आणि दहा तास यांचा मेळ

मुंबई ते हीथ्रो हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर असेल, तर आठ तास पुरायला हवेत. मग तिकिटावर जवळपास दहा तास का दिसतात आणि परतीला तासभर कमी का लागतो, असा आपला प्रश्न आहे. आपला भागाकार चुकलेला नाही. मात्र प्रत्यक्ष प्रवासात त्यातला एकही आकडा जसाच्या तसा उतरत नाही.

७,२०० हा पृथ्वीच्या गोलावर मोजलेला सर्वांत जवळचा मार्ग आहे. तो सौराष्ट्रावरून निघून कराची, इराण, जॉर्जिया, क्रिमिया आणि युक्रेन असा जातो, आणि खरी अडचण याच नावांत आहे. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे; पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आपली हद्द बंद ठेवली होती आणि एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंद केली. अशा वेळी विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने वळते आणि पुढे तुर्कस्तानमार्गे युरोपात शिरते. मुंबईकरांना या वळशाचा त्रास दिल्लीकरांपेक्षा कमी, कारण दिल्लीच्या विमानाला पश्चिमेकडे जाण्यासाठी आधी गुजरातपर्यंत खाली यावे लागते.

वेगाचे म्हणाल, तर ताशी ९०० हा सभोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग, आणि ती हवा स्वतः वाहत असते. या पट्ट्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात व हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. वळशासह मार्ग ७,६०० किलोमीटर आणि वारा सरासरी ताशी ५० किलोमीटर धरला, तर जाताना जमिनीवरचा वेग ८५० उरतो व जवळजवळ नऊ तास लागतात. येताना तो ९५० होतो आणि आठ तासांत काम भागते. आपल्याला दिसलेला तासाचा फरक तो हाच.

राहिलेला तास बराचसा जमिनीवर आणि विमानतळाच्या आसपास जातो. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हापासून पलीकडे जागेवर येऊन थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी सहसा एकच वापरात असते, त्यामुळे रांग ठरलेली. हीथ्रोवर उतरण्यापूर्वी विमानांना घिरट्या घालायला लावणे हा तर तिथला नित्यक्रम आहे. कंपन्या हे सारे जमेस धरूनच वेळापत्रक आखतात, आणि शिवाय उशीर अंगावर येऊ नये म्हणून थोडी मोकळीकही ठेवतात.

वेळ मोजताना घड्याळाचे भान ठेवावे. मुंबईहून दुपारी १ वाजता सुटून लंडनला सायंकाळी ५.३० वाजता पोहोचणारे विमान हिवाळ्यात दहा तास घेते, कारण तेव्हा फरक साडेपाच तासांचा असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तो साडेचार तासांवर येतो, आणि तेवढाच प्रवास ६.३० ला संपलेला दिसतो.

म्हणून अंतर काढून देणाऱ्या संकेतस्थळांवरचा उड्डाणकाळ नियोजनासाठी वापरू नये. त्याऐवजी आपल्याच क्रमांकाचे विमान गेल्या आठवड्यात रोज किती वाजता उतरले ते पाहावे. परतीच्या दिवशी मुंबईहून पुण्याला जाण्यासाठी गाडी ठरवणार असाल, तर ती छापील वेळेनंतर किमान दीड तासाने बोलवावी. विमान अर्धा तास आधी उतरले, तरी पारपत्र तपासणी आणि सामानाचा पट्टा यांत तो अर्धा तास सहज जातो.