तो मेल आधी उघड

ताई,

मी लातूरची. सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये लेस्टरला एमएससी करते आहे. नाशिकची एक मुलगी माझी रूममेट आहे. आल्यापासून आम्ही सख्ख्या बहिणींसारख्या राहिलो. ऑक्टोबरात दोघी लंडनला जाऊन बाबासाहेबांचं किंग हेन्रीज रोडवरचं घर बघून आलो. माझी आईसुद्धा तिच्याशी फोनवर तासभर गप्पा मारायची. पण फेब्रुवारीपासून ती पार बदलली. आधी सारखी मागे लागायची, ऊठ, लेक्चरला चल. मग एक दिवस मला न विचारता माझ्या ट्यूटरकडे गेली आणि मी वर्गात येत नाही, खोलीतच पडून असते, असं सांगून आली. तेव्हापासून विद्यापीठाचे मेल सुरू झालेत. ते मी हल्ली उघडत नाही. मला एका मॉड्यूलमध्ये ४२ मिळाले, तिला ६८ आहेत, म्हणून ती मला कमी लेखते. मी आळशी नाही. बेलग्रेव्ह रोडवरच्या मिठाईच्या दुकानात काम करते, एकही शिफ्ट बुडवलेली नाही. आईची कामं आटपली की रोज सकाळी साडेनऊला तिच्याशी बोलते, पण यातलं काही सांगितलेलं नाही. पप्पांनी घर तारण ठेवून कर्ज काढलंय. निघताना चौकात माझा फ्लेक्स लागला होता. अशा वेळी जवळच्या मुलीनेच दगा द्यावा? मी रूम बदलू का? तिच्याशी बोलणं कायमचं बंद केलं तर माझं चुकेल का?

— लेस्टरची विद्यार्थिनी

(पत्र संक्षिप्त केले आहे.)

अगं मुली,

तुझ्या मूळ पत्रात रूममेटवर पानंच्या पानं आहेत. ती काय बोलली, कुठल्या आवाजात बोलली, त्या दिवशी तिने कुकर कसा आपटला, सगळं तू लिहिलंस. आणि त्या गर्दीत एक छोटं वाक्य टाकून पुढे निघून गेलीस: "ते मी हल्ली उघडत नाही." मी त्या वाक्यापाशी थांबले आणि तिथून पुढे सरकायची माझी तयारी नाही.

किती मेल आलेत? कोणाचे? शेवटचा कधी आला आणि त्यात कुठली तारीख दिली आहे? तू लिहिलं नाहीस, कारण तुलाच माहीत नाही. रूममेटच्या स्वभावाची एवढी बारीक नोंद ठेवणारी मुलगी स्वतःच्या शिक्षणाचं पुढे काय होणार आहे ते बघायला घाबरते आहे. मला तुझी काळजी वाटली ती इथे.

आता नीट ऐक. इंग्लंडमध्ये तुझं विद्यापीठ तुझ्या व्हिसाचा स्पॉन्सर आहे. विद्यार्थी खरोखर शिकतो आहे की नाही यावर लक्ष ठेवणं आणि तो गायब झाला तर सरकारला कळवणं, ही त्यांची जबाबदारी असते. म्हणून आधी साधा विचारपूस करणारा मेल येतो. मग भेटायला या म्हणून येतो. मग कडक भाषेतला येतो. त्यानंतरही काही उत्तर आलं नाही तर ते स्पॉन्सरशिप काढून घेऊ शकतात, आणि मग गृहखातं व्हिसाची मुदत कापतं. साधारणपणे ६० दिवस हातात राहतात, तेवढ्यात देश सोडायचा. ही पायरी येते ती मुलगी उत्तर देत नाही म्हणून. एका विषयात ४२ मिळाले म्हणून कोणी कोणाला परत पाठवत नाही. तू यातल्या कुठल्या पायरीवर आहेस ते त्या न उघडलेल्या मेलमध्ये लिहिलेलं आहे.

तुझ्या रूममेटबद्दल तुला माझ्याकडून दोन गोड शब्द हवे असतील, तर ते मिळणार नाहीत. तिच्याकडे तुझ्या आईचा नंबर होता. आईशी तिची ओळख होती, तासभर गप्पा होत होत्या. एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं. तिने तो फोन केला नाही. ती ट्यूटरकडे गेली. तिथली विद्यापीठं सज्ञान विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय आईवडिलांना देत नाहीत. म्हणजे ज्या दारातून मदत मिळू शकेल आणि लातूरला शब्दही जाणार नाही, नेमकं तेच दार तिने निवडलं. तेही तुला रोज हाका मारून, उठवून, थकल्यावर. परक्या देशात, स्वतःचा अभ्यास आणि स्वतःचं कर्ज डोक्यावर असताना, दुसरीसाठी ट्यूटरच्या खोलीत जाऊन बसायला धाडस लागतं. तू त्याला दगा म्हणतेस. मी म्हणणार नाही.

आणि ती कमी लेखते हे तू कशावरून ठरवलंस? पत्रात तिचं तसं एकही वाक्य नाही. ४२ आणि ६८ हे आकडे शेजारी शेजारी मांडलेस ते तू.

त्या ४२ बद्दल बोलू या, कारण सगळं तिथे अडकलं आहे. तू लातूरची आहेस. ज्या गावाच्या नावाने अभ्यासाचा पॅटर्न ओळखला जातो, त्या गावच्या मुलीला ४२ म्हणजे काय वाटलं असेल हे मला पुरतं समजतं. दहावीपासून तुला कोणी नापास शब्दाच्या जवळपासही पाहिलं नसेल. पण तिथलं मोजमाप निराळं आहे गं. एमएससीला साधारण ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. आपल्याकडे ९२-९३ टक्के घेणारी मुलगी तिथे पहिल्याच सत्रात ५८ बघून रडत बसते आणि तिचा ट्यूटर मनापासून सांगत असतो की सुरुवात चांगली झाली आहे. शिवाय लिखाणाची पद्धत वेगळी. पुस्तकात काय आहे ते नेमकं मांडलं की आपल्याकडे मार्क मिळतात. तिथे विचारतात, तुझं स्वतःचं म्हणणं काय, आणि ते कशाच्या आधारावर. हे पहिल्या सत्रात न जमणारी तू एकटी नाहीस.

५० च्या खाली आलं तर बहुतेक ठिकाणी री-सिट, म्हणजे पुन्हा परीक्षा द्यायची सोय असते. त्यात कितीही चांगलं लिहिलं तरी सहसा ५० च मांडतात, पण विषय सुटतो आणि डिग्री मिळते. काही विद्यापीठांत ४० ते ४९ मधला एखादा विषय बाकीच्या गुणांच्या जोरावर चालवूनही घेतात. तब्येत किंवा मनःस्थिती ठीक नसताना परीक्षा दिली असेल, तर तसा अर्ज करायची सोय असते, मुदतवाढ मागता येते. या प्रत्येक गोष्टीला तारीख असते. आणि ती तारीख कुठे कळवतात, सांग बरं.

तू आणि तुझी रूममेट किंग हेन्रीज रोडवर जाऊन आलात. १० नंबरचं ते घर, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. फोटो काढले असतील तुम्ही. तर त्याच माणसाची ही गोष्ट ऐक. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दाखल झाले, शिष्यवृत्ती संपली म्हणून पुढच्याच वर्षी अर्धवट सोडून परतावं लागलं, पैसे जमवून १९२० मध्ये पुन्हा गेले. एवढं करून रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध दिला, तर मार्च १९२३ मध्ये तो स्वीकारायची शिफारस झाली नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी तो पुन्हा सादर केला. नोव्हेंबरमध्ये स्वीकारला गेला. बाबासाहेबांसारख्या विद्वानाला लंडनने काम परत केलं, आणि त्यांनी ते पुन्हा दिलं. मार्च ते ऑगस्ट हे दिवस त्यांना किती जड गेले असतील, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. तुझाही आता मार्च चालू आहे.

दुकानाचंही सांगते. शिफ्ट एकही बुडवली नाहीस, याचा तुला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. बेलग्रेव्ह रोडवर सणासुदीला मिठाईच्या दुकानात उभं राहणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. पण तू तिथे का जाऊ शकतेस आणि वर्गात का नाही, हे एकदा स्वतःला विचार. काउंटरच्या मागे तुला कोणी मार्क देत नाही. तिथे तू अजून हुशार, कष्टाळू, वेळेवर येणारी मुलगी आहेस. वर्गात गेलीस की ४२ वाली होशील, ही भीती आहे. तुला आळशी म्हणणाऱ्याचं मी ऐकूनही घेणार नाही. तू घाबरली आहेस. पण आठवड्याला २० तास काम करायची ती परवानगी तुला विद्यार्थिनी म्हणूनच मिळालेली आहे. शिक्षण सुटलं तर दुकानही सुटेल.

अजून एक गोष्ट तू सहज लिहून गेलीस. आईशी रोज सकाळी साडेनऊला बोलतेस. लातूरला साडेनऊ म्हणजे तुझ्याकडे पहाटेचे चार. तोपर्यंत तू जागी असतेस आणि आईला वाटतं पोरगी लवकर उठते. किती दिवस असं चाललंय? झोप नाही, दिवस खोलीत, जेवण बहुधा दुकानातलं फरसाण आणि मिठाई. हे मनाचं दुखणं असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. व्हिसाच्या वेळी आरोग्याचा वर्षाला ७७६ पौंडांचा सरचार्ज तुझ्या पप्पांनी भरलेला आहे. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला, भेटायला वेगळे पैसे पडत नाहीत. नाव नोंदवलं नसशील तर नोंदव. एखादी रात्र फारच अंगावर आली तर १११ ला फोन लाव आणि २ दाब, मानसिक त्रासासाठी तिथे माणूस बोलायला असतो. त्यासाठी सकाळ व्हायची वाट बघू नकोस.

पण हे सगळं नंतर. आज एकच काम कर. रूममेटचा राग, पप्पांचं कर्ज, चौकातला फ्लेक्स, सगळं बाजूला ठेवून ट्यूटरचा सगळ्यात अलीकडचा मेल उघड. बाकीचे उद्या बघ. तो एक वाच आणि लगेच उत्तर लिही. लांबलचक माफीनामा लिहायला बसशील तर पुन्हा आठवडा जाईल. एवढंच लिही: मी फेब्रुवारीपासून वर्गात आलेली नाही. एका मॉड्यूलमध्ये ४२ मिळाल्यापासून मला यायची भीती वाटते. मला झोप लागत नाही. तुम्हाला भेटायचं आहे, कधी येऊ?

इंग्रजी सुधारत बसू नकोस, कोणाला तपासायलाही देऊ नकोस. विशेषतः व्हॉट्सअॅपवर असाइनमेंट लिहून देतो, विद्यापीठाचं प्रकरण मिटवून देतो म्हणणारे जे भेटतात, त्यांना उत्तरसुद्धा देऊ नकोस. अशी मुलं गप्प झाली की हे लोक बरोबर हेरतात. पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देण्याच्या धंद्याला इंग्लंडमध्ये २०२२ पासून कायद्याने बंदी आहे, पण पकडली गेलीस तर नुकसान तुझंच होईल.

ट्यूटर रागावेल? कदाचित थोडं. पण ज्या माणसाने परत परत मेल पाठवलेत, तो तू यावंस म्हणूनच पाठवतो आहे. दर वर्षी त्यांच्याकडे तुझ्यासारखी मुलं येतात, लंडनची येतात, लागोसची येतात. री-सिटची तारीख टळली असेल तर पुढे काय करता येईल हेही त्यांनाच माहीत असतं, तुझ्या रूममेटला नाही आणि मलाही नाही. विद्यार्थी संघटनेचं सल्ला केंद्र असतं, ते विद्यापीठापासून स्वतंत्र असतं, भेटीला सोबत हवी असेल तर तिथलं माणूस येऊ शकतं.

आईला आज सांगू नकोस. हे मी तिच्यापासून लपव म्हणून सांगत नाही. आज तुझ्याकडे सांगायला फक्त भीती आहे, ट्यूटरला भेटून आलीस की पुढचा मार्गही असेल. मग सांग, त्याच आठवड्यात, आधी आईला आणि मग पप्पांना, आणि ४२ हा आकडा स्पष्ट सांग. घर तारण ठेवणाऱ्या माणसाला पोरीची खरी बातमी पोरीकडूनच मिळायला हवी. फ्लेक्सची चिंता तू करू नकोस. तो कधीच उतरला असेल आणि तिथे आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला असेल.

रूम बदलू का, असं तू मला विचारलंस. मेलला उत्तर गेल्याशिवाय त्या प्रश्नावर मी काहीच बोलणार नाही. ट्यूटरला भेट, डॉक्टरला भेट, सलग पंधरा दिवस वर्गात जा. त्यानंतरही त्या मुलीबरोबर राहणं नकोसं वाटलं, तर खुशाल बदल.

— तुझी ताई