फक्त १५ कासवं उरली असताना जात वाचू शकते का?

वाचू शकते, आणि वाचलीही आहे. पण 'आपापसातल्या प्रजननाने पुढची पिढी दुबळी होणार नाही का?' ही तुमची शंका रास्त आहे.

पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस द्वीपसमूहातल्या एस्पान्योला बेटावर १९६० च्या दशकापासून शोधाशोध केली तेव्हा जेमतेम १४ राक्षसी कासवं सापडली. १२ माद्या, २ नर. खलाशांनी कासवं खाल्ली, त्यांनी सोडलेल्या शेळ्यांनी चारा. उरलेली सगळी बेटावरून उचलून प्रजनन केंद्रात ठेवली. तिथे अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर आणला, तोच तो 'डिएगो'. जगभर कौतुक त्याचंच झालं. पण डीएनए तपासल्यावर कळलं की साधारण ६० टक्के पिल्लांचा बाप दुसराच, फारसा कुणाला माहीत नसलेला नर होता. डिएगोची सुमारे ४० टक्के. उरलेल्या बिचाऱ्याच्या वाट्याला जवळपास काहीच नाही! कासवाची मादी शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे नुसतं बघून बाप ठरवता येत नाही.

म्हणजे १५ हा आकडाही फसवा. जनुकांच्या हिशेबात बाप जवळजवळ दोनच, त्यामुळे विविधता कमीच राहिली. तरी संख्या २,००० च्या आसपास गेली, बेटावर कासवं स्वतःहून अंडी घालू लागली आणि २०२० मध्ये या पंधराही म्हाताऱ्यांना घरी सोडलं. नवा रोग आला तर मात्र ही उणीव नडू शकते.