‘प्लाझा’ म्हणजे चौक नव्हे

मेक्सिकोच्या प्रवासावर लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : तिथल्या गावांतल्या मधल्या ‘प्लाझा’ला चौक म्हणावं का? आणि त्याच्या कडेच्या चर्चला सरसकट कॅथेड्रल म्हटलं तर चालेल का?

चौक म्हणू नये. चौक आला ‘चतुष्क’वरून, त्यात मोजणी चाराची. प्लाझात आहे ती रुंदी. ग्रीक ‘प्लातिस’ म्हणजे रुंद. त्यावरून रुंद रस्ता तो ‘प्लातेया’, तोच लॅटिनमध्ये ‘प्लातेआ’ आणि स्पॅनिशमध्ये ‘प्लाझा’. आता खरी गंमत पाहा. हा ‘प्लातिस’ आपल्या ‘पृथु’चा सख्खा भाऊ! पृथुल, पृथ्वी ही सगळी त्याच घरातली माणसं. पृथ्वी म्हणजे विस्तीर्ण ती. इंग्रजी ‘प्लेस’ही ‘प्लातेआ’चीच लेक. परक्या शब्दाची कुळकथा मराठी वाचकाला कशाला, असं म्हणणारे भाषांतरकार मला मुळीच पटत नाहीत. कूळ ठाऊक असतं तर टोलनाक्याला आणि बंदिस्त दुकानांच्या इमारतीला ‘प्लाझा’ म्हणायला जीभ अडखळली असती.

रुंदी हा स्पॅनिश राज्यकर्त्यांचा लेखी हुकूमच होता. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या 1573 च्या नगररचनेच्या नियमांत प्लाझाची लांबी रुंदीच्या किमान दीडपट हवी, कारण घोड्यांचे उत्सव तशा जागेत चांगले होतात. 600 बाय 400 फूट हे माप उत्तम. मग ‘पटांगण’ लिहा की! रुंदी तरी राहील.

मेक्सिको सिटीत मात्र लोक ‘सोकालो’ म्हणतात. सोकालो म्हणजे चौथरा. 1843 मध्ये मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष सांता आना याने तिथे स्वातंत्र्याचं स्मारक उभारायला घेतलं, चौथऱ्यापुढे काम गेलंच नाही, आणि लोकांनी अख्ख्या जागेला चौथऱ्याचं नाव दिलं. पुढे वाहाकासारख्या शहरांतल्या प्लाझांनाही तेच चिकटलं. हा शब्द इटालियन ‘झोक्कोलो’ म्हणजे खडावेवरून आलेला. मुळाशी लॅटिन ‘सोक्कुस’, सपाता. इंग्रजी ‘सॉक’ त्याचाच.

राहिलं चर्च. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचं आसन आहे तेच; ‘काथेद्रा’ म्हणजे आसन, आणि त्यातला ‘एद्रा’ आपल्या ‘सद्’ धातूचा, म्हणजे सदन-संसदेचा नातेवाईक. मेक्सिको सिटीत ते आहे. लहान गावात बिशप नसेल, तर इमारत कितीही भव्य असो, ते कॅथेड्रल नव्हे. तिथे ‘इगर्जी’ लिहा. गोव्याचा हा शब्द पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आला आणि स्पॅनिश ‘इग्लेसिया’ त्याची सख्खी बहीण.