स्कॉटलंडला फ्लाय (मासे पकडायला हुकावर पिसं-धागे बांधून केलेले नकली किडे) पाठवायच्यात, मोराची पिसं टाकली तर चालतील का?

नाही, मोराचं पीस टाकूच नका. पैठणकडं शेतात गळून पडलेली पिसं ढिगानं सापडतात म्हणून वाटतं की काय होतंय, पण मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे आणि पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, मग ती गळालेली असो की त्याची बांधलेली फ्लाय असो. रानकोंबड्याच्या पिसाचंही तेच, सॅल्मन फ्लायसाठी तिकडचे लोक हमखास मागतात, स्पष्ट नाही म्हणा. मोराचं हर्ल (पिसाचे बारीक तंतू) त्यांना तिकडं दुकानात मिळतं, तुमच्याकडून कशाला?

त्यापेक्षा इथली खरी मजा पाठवा ना! पैठणीच्या विणकरांकडं उरलेला रेशमाचा धागा, जरीचे तुकडे मिळाले तर बघा, जरीची तार हुकावर रिबिंगला (फ्लायच्या अंगावरचे वेढे) गुंडाळली की पाण्यात काय चमकते. मरळीसाठी फोमचा बेडूक बांधत असाल तर तोही द्या, त्यांच्याकडं ट्राउट, त्यांना हे नवीन असतं.

पॅकिंग नीट करा. फ्लाय फोमच्या पट्टीत टोचून कडक डबीत ठेवा, नुसत्या पाकिटात हॅकल (हुकाभोवती गुंडाळलेलं उभं पीस) दबून चपटं होतं (झालंच तर केटलीच्या वाफेवर धरा, परत उभं राहतं). पोस्टात कस्टमचा फॉर्म भरताना नुसतं 'गिफ्ट' लिहू नका, 'मासेमारीचे हुक, रेशीम धागा, फोम' असं एकेक लिहा आणि किंमत खरी टाका. ते तिकडून फ्लाय पाठवणार असतील तर त्यांनाही सांगा की इकडं पिसं, केस नको, सिंथेटिकच पाठवा, कच्च्या पिसांवर पार्सल अडकू शकतं.