वाचक विचारतात : न्यू मेक्सिकोत पाहण्यासारखा इतिहास कुठला?

प्रश्न : मुलगी अल्बुकर्कीला असते. दिवाळीनंतर आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. जावई म्हणतात, इतिहास बघायचा तर बॉस्टनला जा, इथे नुसतं वाळवंट आणि अणुबॉम्बची चाचणी. खरंच का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : पहिला अणुबॉम्ब १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोतच फोडून पाहिला, हे खरं. पण स्पॅनिश लोकांनी वसवलेलं सांता फे बॉस्टनहून जुनं, आणि इथल्या मूळ रहिवासी प्वेब्लो लोकांची गावं त्याहून कितीतरी जुनी.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. या राज्यातला एकच प्रसंग निवडायचा तर मी १६८० सालचा निवडेन. ते साल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रायगड येतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्वेब्लो गावांनी स्पॅनिश सत्ता उलथवली. दुष्काळ, रोगराई, वेठबिगार, वर स्वतःच्या देवधर्मावर बंदी. १६७५ मध्ये जादूटोण्याच्या आरोपाखाली ४७ जाणती माणसं पकडली. काहींना फाशी, बाकीच्यांना फटके. फटके खाल्लेल्यांत पोपे नावाचा प्वेब्लो धर्मपुढारी होता. त्याने ताओस या प्वेब्लो गावी राहून सारी जुळवाजुळव केली. गावं लांब लांब, भाषा निरनिराळ्या. म्हणून धावणाऱ्या पोरांच्या हाती गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या : रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. तेसुके गावाजवळ दोन निरोपे पकडले गेले, बेत फुटला. तरी गावं कचरली नाहीत. ठरल्या दिवसाआधीच, १० ऑगस्टला उठली. सांता फेला वेढा घालून पाण्याचा पाट तोडला. २१ तारखेला स्पॅनिश लोक गाव सोडून दक्षिणेकडे निघाले. त्यांची सुमारे ४०० माणसं मारली गेली, त्यांत २१ पाद्री. हेही सांगितलंच पाहिजे.

१६९२ मध्ये स्पॅनिश परतले, पण गावं वाटून घेऊन खंडणी उकळायची जुनी पद्धत त्यांनी पुन्हा लादली नाही. आज त्या राज्यात १९ प्वेब्लो गावं नांदतात, आपापल्या भाषा आणि सणांसकट.

तेव्हा ताओस प्वेब्लो जरूर पाहा. मातीच्या विटांची मजली घरं आहेत, आणि त्यांत माणसं राहतात. विधींच्या काळात गाव पाहुण्यांना बंद असतं, आधी चौकशी करा. कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वरच्या डोंगरात ब्लू लेक हे त्यांचं पवित्र तळं आहे. सरकारने ते १९०६ मध्ये वनखात्याकडे घेतलं आणि गावकरी ६४ वर्षं झगडल्यावर, १९७० मध्ये, परत दिलं. मुळशीत सत्याग्रह करूनही मावळ्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, म्हणून मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. तळ्यावर बाहेरच्यांना जाऊ देत नाहीत. तो हट्ट धरू नका.