बीएड की कुपवाडची कंपनी? तासगाव तालुक्यातल्या एका आईला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, ताईंच्या लेकीचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, कुपवाड एमआयडीसीतली एक कंपनी ट्रेनी म्हणून घ्यायला तयार आहे, पण वडलांचं म्हणणं आहे की बीएड करू दे, शिक्षिकेला स्थळं चांगली येतात, आणि "पोरगी कंपनीत धाडायची वेळ अजून आपल्यावर आली नाही".

आधी बीएडचं मिटवून टाकू. डिप्लोमावर बीएड होतच नाही ओ, त्याला पदवी लागते. म्हणजे आधी डिग्रीची तीन वर्षं, मग बीएडची दोन, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव घालून भरतीची वाट बघत बसायचं. एवढं करून तिला शिकवायची आवड आहे का, तर पत्रात तसं एक अक्षर नाही. तुम्ही लिहिलंय की ती गल्लीतल्या मोटरी उघडून बसते.

आता वडलांचं वाक्य. ते काही तुमच्या एकट्याच्या घरातलं नाहीये. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन बाईंना मिळालं, त्यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून दाखवलं की शेती मागं पडून कारखाने आले तसं लग्न झालेल्या बायकांचं कामावर जाणं आधी कमी झालं आणि शिक्षण आणि ऑफिसातली कामं वाढल्यावर परत वाढलं. कमी होण्यामागं एक कारण हेच की बायको कारखान्यात जाते म्हणजे नवऱ्याला घर चालवता येत नाही असं लोक समजायचे. आपल्याकडं आज तेच चाललंय, फरक एवढाच की आपल्या पोरी डिप्लोमा, डिग्री घेऊन घरी बसतात.

आणि ताई, एक गोष्ट मला टोचली म्हणून लिहिते. पत्रात एका ओळीत तुम्ही म्हणता "मी काही करत नाही, घरीच असते" आणि पुढच्याच ओळीत छाटणीनंतर द्राक्षबागेत विरळणी, घड औषधात बुडवायच्या म्हणजे डिपिंगच्या वेळी बायकांवर लक्ष, बेदाण्याच्या शेडवर निवडणी, शिवाय मजुरांचा चहा आणि हिशोबाची वही सगळं तुमच्याच अंगावर! सरकारच्या पाहणीत तुमच्यासारख्या बाईला कामकरी धरतात. ग्रामीण भागात 15 वर्षांवरच्या बायकांचा कामातला सहभाग 2017-18 ला 24.6 टक्के होता तो 2023-24 ला 47.6 झाला, पेपरात आलं की आपण खूश, पण त्या वाढीत मोठा वाटा स्वतःच्या शेतात नाहीतर घरच्या धंद्यात राबणाऱ्यांचा आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या हातात पगार म्हणून रुपया येत नाही. बेदाण्याच्या सौद्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, कुणाच्या नावानं निघते ते तुम्हाला माहितीच आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे, लेकीला कुपवाडला जाऊ द्या. पगार तिच्या नावाच्या खात्यात आला पाहिजे, एवढं मात्र बघा. लग्नाचं म्हणाल तर बांगलादेशात कपड्याच्या फॅक्टऱ्या निघाल्या, त्यांच्या जवळच्या गावांतल्या पोरी शाळेत जास्त टिकल्या आणि त्यांची लग्नं उशिरा झाली असं 2015 साली छापलेल्या एका अभ्यासात आहे. उशिरा झाली, मोडली नाहीत, हे वडलांना सांगा.

शिकायचं राहिलं असंही समजू नका. पुढं वाटलं तर डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग आहेच, सांगलीत वालचंद, तिकडं कराडला सरकारी कॉलेज. घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल तर 2024-25 पासून मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, फक्त प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे चालत नाही.

जाण्यायेण्याची काळजी खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे त्यामुळं पैशाचा प्रश्न कमी, पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर तासगावकडं गाडी मिळते का, कंपनीची बस कुठपर्यंत येते, हे जॉइन व्हायच्या आधी स्वतः जाऊन विचारा. रात्रपाळी तिच्या संमतीशिवाय लावता येत नाही. दहा किंवा जास्त माणसं असली की कंपनीत अंतर्गत तक्रार समिती लागते, 2013 चा कायदा आहे, तिथं कोण कोण आहे विचारायला लाजू नका. एचआरनं तोंड वाकडं केलं तर तेही कळून येईल.

घरातलं काम कोण करणार हा तुमचा शेवटचा प्रश्न. 2024 च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, घरकाम करणारे पुरुष 88. तुमचा मुलगा बारावीत आहे म्हणता ना, त्याला स्वतःचा डबा भरायला लावा, काही बिघडत नाही.

आणि ऑफर लेटर नीट वाचा. नुसतं "ट्रेनी" लिहिलंय की अप्रेंटिस कायद्याखाली करार आहे? अप्रेंटिस असेल तर सरकारच्या अप्रेंटिसशिपच्या नॅट्स पोर्टलवर नोंद आणि शेवटी सर्टिफिकेट मिळायला हवं. ट्रेनी असेल तर पीएफ कापणार का, किती महिन्यांनी कायम करणार, हे लेखी घ्या. मूळ मार्कशीट कंपनीत ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका, झेरॉक्स द्या.