पूलमध्ये ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारायचा कॉन्फिडन्सच येत नाही, रॅक (त्रिकोणात लावलेले बॉल) फुटत नाही, काय करू? ब्रेकसाठी वेगळा क्यू (मारायची काठी) घ्यावा का?

सेकंड इयरला आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ अरेतुरे करतो. मित्रांसमोर ब्रेकची वेळ आली की क्यू दुसऱ्याच्या हातात देतोस हे वाचून हसू आलं, कारण मीही बरेच दिवस तेच केलंय. कर्वे रोडच्या एका पार्लरला शनिवारी रात्री सगळा जोर लावून मारला आणि व्हाइट, म्हणजे ज्याला क्यूने मारतात तो पांढरा बॉल, टेबलावरून उडून शेजारच्या टेबलाखाली, तिकडचे चार जण खेळ सोडून वाकून शोधतायत आणि मी आपला क्यूच्या टोकाला, टिपला, चॉक घासत उभा. तिथले मार्कर (टेबलं सांभाळणारे) काका एवढंच म्हणाले, "कॅरम फोडताना एवढं अंग टाकतोस का रे?"

नंतर कळलं झालं काय होतं. मी व्हाइट पार कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटवून ठेवायचो, मग क्यूची मागची बाजू वर उचलावी लागते, फटका वरून खाली बसतो, व्हाइट बारीक उडी मारतो आणि हवेत असतानाच रॅकवर आदळतो. वीतभर पुढे घेतला की क्यू जवळजवळ आडवा राहतो, अर्धं काम तिथेच होतं.

उरलेलं अर्धं म्हणजे पहिल्या बॉलला फुल लागणं. जोर नंतर. जरा जरी बाजूला लागला तर ताकद वाया जाते आणि व्हाइट फिरून कुठल्यातरी पॉकेटात. यासाठी रॅक लावूच नकोस. एकच बॉल स्पॉटवर (रॅकचा पहिला बॉल येतो त्या खुणेवर) ठेव, व्हाइट दीड-दोन फुटांवर, आणि बरोबर मधोमध मार. दोन्ही बॉल साधारण सारख्याच वजनाचे असतात, त्यामुळे फुल लागला तर समोरचा सुटतो आणि व्हाइट जागच्या जागी थांबतो, डावी-उजवीकडे सरकला म्हणजे तुझा फटका तिरका आहे, वेगळा कोच नको सांगायला. सलग पाच वेळा थांबला की लांबून मार, मग जोर वाढव, आणि ब्रेकच्या लाइनच्या मागून रॅकवर मारशील तेव्हा निम्म्या ताकदीने सुरू कर.

रॅक पण बघत जा. पुढचा बॉल मागच्या दोघांना टेकलेला नसेल तर कितीही मार, फुटणार नाही. पावसाळ्यात तर पुण्यात कापड दमट होतं, बॉल जड चालतात, त्यात बोटांचा वेफर्सचा तेलकटपणा, म्हणून खेळायच्या आधी बॉल फडक्याने पुसून घे, मार्कर बघत राहिला तरी.

आणि ब्रेक चांगला म्हणजे काय हे तू बहुतेक चुकीचं धरलंयस. एट-बॉलच्या (पूलचा नेहमीचा प्रकार) अधिकृत नियमात एकही बॉल पॉकेटात गेला नाही तरी चार बॉल कुशनला लागले की ब्रेक चालतो. पार्लरमध्ये कोणी मोजत नाही, तू मोज. चार लागले, व्हाइट टेबलाच्या मध्याजवळ राहिला, झालं. (स्नूकरवाल्यांचे सल्ले मात्र ब्रेकसाठी घेऊ नकोस, ते लाल बॉलना जेमतेम खरचटून व्हाइट परत आणतात, त्यांचा खेळच वेगळा. स्नूकर-बिलियर्ड्सचा वर्ल्ड चॅम्पियन पंकज अडवाणी 1985 साली जन्मला पुण्यातच, पण पाण्यातून आपल्यात काही उतरलेलं दिसत नाही.)

हात थरथरतो त्याला माझ्याकडे एकच उपाय आहे, दरवेळी तेच तेच करायचं. चॉक, दोन हलके स्ट्रोक, एक थांबा, नजर पहिल्या बॉलवर, मार. तेवढ्यात कोणी कॉमेंट टाकली तर उठून पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभर दुपारी एकटा जा, टेबलं रिकामी असतात.

वेगळा क्यू आत्ता नको. पार्लरचाच घे, पण आधी टेबलावर घरंगळवून बघ, डुगडुगला तर परत स्टँडला लाव आणि दुसरा उचल. वजन 18 ते 21 औंसांत असतं, 19 चा मिळाला तर बेस्ट. टिप पार चपटी झालेली असेल तर तोही नको.